आमची वाटचाल : कल्चरची लॅब

कोकणातल्या तालुक्याच्या गावी कल्चर, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, सुरू करायची म्हटलं की इन्क्युबेटर (जंतू वाढवायची उबदार पेटी), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि वीज गेल्यावरचा बॅकअप, एवढाच खर्च आधी डोळ्यांपुढे येतो. आमची जास्त मेहनत मात्र सॅम्पलवर गेली.

लघवी घरून सकाळी निघते, दुपारच्या एसटीने पोचते. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली की बाटलीतच जंतू वाढतात. एक मायक्रोलीटर, म्हणजे मिलीलीटरचा हजारावा भाग उचलणाऱ्या लूपने (तारेच्या कडीने) लावलेल्या प्लेटवर शंभर कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, आल्या की मिलीलीटरला एक लाख, म्हणजे कागदावर पक्कं इन्फेक्शन! म्हणून आता बाटलीवर वेळ नसेल तर सॅम्पल परत जातं. फ्रीजमधलं असेल तर 24 तासांपर्यंत चालतं. ब्लड कल्चरची बाटली मात्र फ्रीजमध्ये ठेवायची नाही. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त हवं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. दोन मिली पाठवून ‘नो ग्रोथ’ आलं की बोल लॅबलाच.

ब्लड अगारला, म्हणजे प्लेटमधल्या जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीला, मेंढीचं रक्त लागतं. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त स्वस्त पडतं, पण त्यातल्या रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटमुळे आणि दात्याच्या अँटिबॉडींमुळे काही जंतू नीट वाढत नाहीत, हिमोलिसिसही (जंतूंनी लाल पेशी फोडणं) धड दिसत नाही. आम्ही तयार प्लेट घेतो. महाग पडतात, पण घेतो. कॅटॅलेज चाचणीत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस, नाहीतर स्ट्रेप्टोकॉकस; पण त्यासाठी कॉलनी उचलताना खालचा अगार सोबत आला तर लाल पेशींमुळेच बुडबुडे येतात आणि स्ट्रेप्टोकॉकसचा स्टॅफिलोकॉकस होतो. ट्यूब कोअॅग्युलेज, म्हणजे जंतू प्लाझ्मा गोठवतो का ही चाचणी, चार तासांनी बघायचीच. रात्रभरात झालेली गुठळी विरघळूही शकते.

जंतूची ओळख पटवणारं यंत्र नंतर घेतलं. त्याचा वेग मान्य, पण किनारपट्टीवर ते एका ठिकाणी फसतं. पावसाळ्यात मधुमेही शेतकऱ्याच्या गळवातून किंवा रक्तातून येणारा बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआय, म्हणजे मेलिऑयडोसिस या गंभीर आजाराचा जंतू. तो कधी स्युडोमोनास, कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणून निघतो. ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह, अँटिबायोटिकांपैकी कोलिस्टिनला आणि बहुधा जेंटामायसिनलाही दाद नाही, पण अमॉक्सिक्लॅवला आहे, असं दिसलं की यंत्राच्या नावावर आम्ही सही करत नाही. प्लेट तीन दिवस ठेवतो, कॉलनी सुरकुततात का बघतो, डॉक्टरांना फोन करतो आणि खात्रीसाठी कल्चर मोठ्या लॅबकडे पाठवतो. हा जंतू श्वासातूनही शिरू शकतो, म्हणून प्लेट उघडायची ती सेफ्टी कॅबिनेटमध्येच, आणि वास घेऊन जंतू ओळखायची जुनी सवय आमच्याकडे बंद.