हाय फॅट डाएट, डायबेटिस आणि रॅटची महाधमनी: एम.फार्म. प्रोजेक्टचा माझा अनुभव

ज्युनिअर लोक सारखं विचारतात की डायबेटिसच्या मॉडेलमध्ये रक्तवाहिन्यांचं काम घेऊ का, झेपेल का, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी परवानगी. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरून एथिक्स कमिटीसमोर जायचं, तिथे एकेका प्राण्याचा हिशोब द्यावा लागतो, इतके रॅट का, कमीत का नाही भागणार, प्राण्यांशिवाय होणारच नाही का. मुलं ह्या प्रश्नांना वैतागतात पण मला ते अगदी योग्य वाटले, उत्तर देता येत नसेल तर प्रयोग करूच नये.

मॉडेलचं म्हणाल तर नुसता स्ट्रेप्टोझोटोसिन ह्या रसायनाचा मोठा डोस दिला की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात आणि शुगर चढते, पण तो झाला टाइप 1 सारखा प्रकार. आपल्या घराघरात जो दिसतो त्यात आधी शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि मग स्वादुपिंड कमी पडायला लागतं. मोहालीच्या नायपर ह्या औषधनिर्माणशास्त्राच्या संस्थेतल्या ग्रुपने 2005 मध्ये ह्यासाठी एक पद्धत छापली, दोन आठवडे हाय फॅट डाएट ज्यात 58 टक्के कॅलरी फॅटमधून येतात, आणि मग 35 मिग्रॅ प्रति किलो असा छोटा डोस. आम्ही तीच घेतली, फक्त डाएट पुढेही बरेच आठवडे चालू ठेवलं कारण शुगर दोन-तीन दिवसांत वाढते, रक्तवाहिनी बिघडायला वेळ लागतो.

डाएट आम्ही लॅबमध्येच बनवायचो. साध्या फीडची पावडर, लार्ड (डुकराची चरबी), केसिन (दुधातलं प्रोटीन), कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन-मिनरल मिक्स, सगळं हाताने मळून गोळे करायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. उन्हाळ्यात पिंजऱ्यात राहिलेला गोळा खवट होतो, तो रोज काढून ताजा टाकायलाच हवा, कारण खवट फॅटचा परिणाम वेगळाच होतो आणि मग तुम्ही नक्की काय मोजताय तेच कळत नाही.

स्ट्रेप्टोझोटोसिन थंडगार सायट्रेट बफरमध्ये, पीएच 4.5, विरघळवलं की लगेच टोचायचं, ते टिकत नाही. डायबेटिस झालाय हे ग्लुकोमीटरच्या आधी पिंजराच सांगतो, पाण्याची बाटली रिकामी आणि खालचा भुसा सकाळपर्यंत चिंब. ॲनिमल हाऊसचे दादा म्हणायचे, ताई ह्यांचा भुसा रोज बदलावा लागणार, आणि त्यांनी खरंच रोज बदलला, त्यांच्याशिवाय हे काम झालंच नसतं.

आता खरा भाग, ऑर्गन बाथ, म्हणजे काढलेला अवयव जिवंत ठेवून त्याचं आवळणं-सैल होणं मोजायचं भांडं. महाधमनी काढून भोवतीची चरबी साफ करायची, दोन-तीन मिलिमीटरच्या रिंगा कापायच्या, 37 डिग्रीच्या क्रेब्ज सोल्युशनमध्ये (क्षार आणि ग्लुकोजचं पाणी) टांगायच्या, खालून कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड) बुडबुडे, आणि तासभर काहीच न करता थांबायचं. मग फिनाइलएफ्रिन टाकलं की रिंग आवळते, स्क्रीनवरची ताण दाखवणारी रेघ वर चढते, आणि ॲसिटिलकोलीन टाकलं की निरोगी रिंग सैल होते, रेघ खाली येते. ही सैल होण्याची ऑर्डर आतल्या एंडोथेलियम नावाच्या एकपदरी अस्तरातून येते, ते चिमट्याने घासलं गेलं तर निरोगी रिंगही सैल होत नाही, रॉबर्ट फर्चगॉट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर हेच दाखवलं आणि 1998 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. त्यामुळे इजा खाण्याने झालीय की आपल्या चिमट्याने, ही शंका डोक्यात सतत ठेवायची आणि कंट्रोलच्या, म्हणजे साधं फीड खाणाऱ्या निरोगी रॅटच्या, रिंगा अगदी त्याच हाताने, तशाच कापायच्या.

कंट्रोलची रेघ सुंदर खाली आली. डायबेटिक ग्रुपची अर्ध्या वाटेत अडकली, आणि मला सगळ्यात हलवून गेलं ते हे की नुसतं हाय फॅट खाल्लेला ग्रुप, ज्याची शुगर डायबेटिसच्या आकड्यापर्यंत गेलीच नव्हती, त्याचीही रेघ कंट्रोलइतकी उतरत नव्हती. मग सोडियम नायट्रोप्रुसाइड टाकलं, ते स्वतःच नायट्रिक ऑक्साइड देतं, म्हणजे अस्तर ज्या वायूने स्नायूला सैल व्हायला सांगतं तोच, त्यामुळे अस्तराची गरज नाही, तर सगळ्याच रिंगा छान सैल झाल्या. म्हणजे स्नायू ठणठणीत, बिघाड अस्तरात. जास्त फॅट आणि शुगरमुळे तिथे सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार वाढतो, तो नायट्रिक ऑक्साइडला गिळून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी एक घातक रसायन बनवतो, आणि ज्या एन्झाइमने नायट्रिक ऑक्साइड बनवायचं तेच उलटं सुपरऑक्साइड बनवायला लागतं, त्यामुळे बिघाड स्वतःला वाढवत नेतो.

एक गोष्ट मात्र विषय ठरवायच्या आधीच गाइडशी बोलून घ्या. रॅटमध्ये माणसासारखे प्लाक, म्हणजे रक्तवाहिनीत साचणारे चरबीचे थर, सहजासहजी होत नाहीत, त्यांचं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या रूपात, फिरतं, त्यामुळे स्लाइडवर ब्लॉकेज शोधत बसू नका. प्लाकच हवे असतील तर एपीओई (कोलेस्टेरॉल रक्तातून हटवायला मदत करणारं प्रोटीन) ह्याचा जीन काढलेले माइस लागतात, ते महाग पडतात आणि यायलाही वेळ लागतो, म्हणून ऑर्डर आणि परवानगी दोन्ही पहिल्या सेमिस्टरलाच मार्गी लावा.