खोडदच्या कंट्रोल रूममध्ये अजून माणूस कशाला?

विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण बघून आलेले हमखास विचारतात: सगळं कॉम्प्युटरवर चालतं, मग रात्रभर कंट्रोल रूममध्ये माणसं कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

45 मीटर व्यासाच्या 30 डिश. 14 मध्यभागी दाटीने, 16 तीन फाट्यांवर, सर्वांत लांबच्या जोडीत सुमारे 25 किलोमीटर अंतर. हुकूम ऑप्टिकल फायबरवरून जातो, सिग्नल फायबरवरूनच येतो. हे पहिल्यापासून तसंच. बदललं ते पुढचं. आधी खास कार्डांचा हार्डवेअर कोरिलेटर (डिशचे सिग्नल जोडीजोडीने ताडून बघणारं यंत्र) होता, 32 मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्याचा. 2010 च्या सुमारास ते काम कॉम्प्युटरांच्या क्लस्टरवर आलं. आता एफपीजीए (हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपचे) बोर्ड आणि जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) मिळून 400 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा हाताळतात. ही यंत्रं स्वतःच रेडिओ गोंगाट करतात, म्हणून त्यांना धातूच्या कवचात कोंडावं लागतं. पाहुण्यांचे मोबाइल बंद करायला लावतात तेही याच धास्तीने.

निरीक्षणाआधी फीड (डिशच्या केंद्रावरचा अँटेना) फिरवून हवा तो बँड आणायचा, एलओ (सिग्नलची वारंवारता बदलणारा ऑसिलेटर) लावायचा, सगळ्या डिशच्या सिग्नलची पॉवर एका पातळीला आणायची आणि 3सी48 सारख्या आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतावर, म्हणजे कॅलिब्रेटरवर, रोखायचं. 30 डिशच्या जोड्या होतात 435. प्रत्येकीत फ्रिंज, म्हणजे दोन्ही सिग्नल जुळल्याची खूण, दिसली पाहिजे. एखाद्या डिशची पॉवर ठीक, पण तिची कुणाशीच फ्रिंज नाही? मग ती भलतीकडे बघतेय, एलओ लॉक नाही किंवा डिले (सिग्नल पोचण्यातल्या वेळेच्या फरकाची भरपाई) चुकलाय. पॉवरच पडली असेल तर रिसीव्हर नाहीतर फायबर. प्रत्येक डिशच्या दोन पोलरायझेशनपैकी (लहरींच्या कंपनाच्या दिशांपैकी) एकाचीच तक्रार असेल तर मोटारींच्या मागे लागू नका, दोष त्या चॅनेलमध्येच.

यातलं बरंच सॉफ्टवेअर सांगतं. पण ते एन्कोडरच्या (डिशचा कोन मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबतं. एन्कोडरच सरकला असेल तर पडद्यावर डिश अगदी जागेवर असते, आणि स्रोत मात्र गायब.

वळवाच्या दिवसांत वेगळीच धांदल. वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवून डिश सरळ वर करायच्या. वेग मिनिटाला 20 अंश, म्हणजे क्षितिजापासून 20 अंशांवर झुकलेली डिश उभी व्हायला साडेतीन मिनिटं. वारा पडला की पुन्हा कॅलिब्रेटरपासून सुरुवात. एखादी परतलीच नाही, तर रात्रीच माणूस पाठवायचा की 29 वर भागवायचं, हे पाळीवरचे लोकच ठरवतात.