तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला हीटर कमी वीज खातो?

थंडी पडली की हा प्रश्न मला हमखास येतो, ऑइलवाला घेऊ की ब्लोअर, कुठला कमी वीज खातो? खरं सांगू का, कॉइलवर चालणारे सगळे इलेक्ट्रिक हीटर यात सारखेच आहेत, एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता, मग तो साधा असो नाहीतर रिमोटवाला. ऑइलवाला हळू तापतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो, ब्लोअर लगेच हवा गरम करतो, लाल रॉडवाला समोरच्या माणसाला थेट शेक देतो, त्यामुळे तासभर एकाच जागी बसून काम करायचं असेल तर तोच घ्या, अख्खी खोली कशाला तापवायची.

पण मी उलट विचारते, आहे ती ऊब जाते कुठून ते बघितलंत का? वारा असेल त्या दिवशी पंखा बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीला धरून, दाराखाली, एसीच्या पाइपच्या भोकाजवळ सावकाश फिरवा (पडदे आधी बाजूला घ्या). सरळ वर जाणारा धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे फट आहे. गरम हवा वर चढून वरच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी दाराखालून गार हवा आत ओढली जाते, हीटर चालू असूनही पाय गारठतात ते बऱ्याचदा यामुळेच. चौकटीला फोमची पट्टी, दाराला खाली ब्रशची पट्टी, भोकांना सिलिकॉन, बस, बहुतेकांना हे घरच्या घरी जमतं.

फक्त एक, घरात गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी पेटत असेल तर हवा यायची वाट अजिबात बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणूस जातो. शेगडी तर बंद खोलीत नकोच.

मग काच. सिंगल काचेची २ चौरस मीटरची खिडकी, आत-बाहेर १५ अंशांचा फरक, तर तेवढ्यातून साधारण १७० वॉट सतत बाहेर जातात, १० तासांच्या रात्रीत पावणेदोन युनिट. डबल काचेने हे जवळपास निम्म्यावर येतं. ते जमत नसेल तर जाड, जमिनीपर्यंत येणारे पडदे लावा, ऊन असेपर्यंत उघडे ठेवा आणि ऊन गेलं की लगेच ओढा.

हीटर सतत चालू ठेवला तर वीज वाचते असं खूप जण सांगतात, ते चुकीचं आहे हो! आत-बाहेरचा फरक जितका जास्त तितकी ऊब जास्त निसटते, त्यामुळे बाहेर ७ अंश असताना थर्मोस्टॅट २२ वरून २० वर आणला तरी गळती १३ टक्क्यांच्या आसपास कमी होते, आणि घरात कोणी नसताना बंद केला तर आणखी.

हे सगळं करून झालं आणि तरी मशीन घ्यायचंच असेल तर हीटिंग मोडवाला इन्व्हर्टर एसी बघा, म्हणजे हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून थंडी बेताची असली तर एका युनिटमागे ३ ते ४ युनिट उष्णता देतो. बाहेर कडाका वाढला की हा आकडा उतरतो, तेव्हा घेताना तुमच्याकडच्या सगळ्यात गार रात्रीच्या तापमानाला तो किती आउटपुट देतो ते स्पेसिफिकेशनमध्ये नीट बघून घ्या.