तुम्ही विचारलंत म्हणून: उसाच्या ट्रॉलीला चिखलात आणि डांबरावर कोणता टायर?

गाळप सुरू व्हायच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. भिजलेल्या रानातून ऊस ओढून काढायचा आणि पुढे वीस-पंचवीस किलोमीटर डांबरावरून कारखाना गाठायचा, तर ट्रॅक्टरला मागचा टायर कोणता घ्यावा? माझं म्हणणं, आधी ट्रॉलीचे टायर बघा. ट्रॅक्टरचे नंतर.

हिशेब करून बघा. डांबरावर भरलेली ट्रॉली हलवायला तिच्या वजनाच्या दोन-तीन टक्के ओढ पुरते. परतीच्या पावसानं मऊ झालेल्या काळ्या रानात तीच पंधरा-वीस टक्क्यांवर जाते. म्हणजे 10 टनांच्या ट्रॉलीला रस्त्यावर 300 किलो, रानात दीड ते दोन टन. आता पन्नास-पंचावन्न एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्या. टायरमध्ये पाणी भरून, वजनं लावून मागच्या चाकांवर साधारण 2 टन येतात आणि ओल्या मातीत त्याच्या तीस-चाळीस टक्के पकड मिळते. नव्या टायरनं 600 किलोचे 800 होतील, 2,000 होणार नाहीत.

म्हणून रुतण्याचं मूळ बहुतेक वेळा ट्रॉलीच्या चाकात असतं. 9.00-20 चा ट्रकचा टायर अरुंद असतो आणि त्यात हवाही कडक असते. टायरमध्ये हवेचा जेवढा दाब, साधारण तेवढाच तो जमिनीवर टाकतो. असा टायर रानात खोल चाकोरी पाडत जातो आणि इंजिनाची ताकद त्या चाकोरीतच संपते. रान सतत ओलं राहणारं असेल तर 400/60-15.5 सारखा रुंद टायर कमी दाबावर चालतो. मात्र त्याला रिम वेगळी लागते, ट्रॉली थोडी खाली बसते, आणि प्लाय (टायरचे थर) व वजनाचा तक्ता पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. रुंद टायर परवडत नसेल तर रानात ट्रॉली अर्धीच भरा आणि उरलेला ऊस रस्त्याकडेला चढवा. दोन ट्रॉल्या असतील तर पाणंदीवर एकेक काढून डांबरावर जोडा. ट्रॉलीला लगवाला, म्हणजे उंच रबरी दात असलेला टायर लावू नका. ती चाकं ओढत नाहीत, नुसती फिरतात. सरळ रेघांची नक्षी डांबरावर जास्त टिकते.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला मात्र लग हवेतच. चिकण माती लगांच्या मधल्या फटीत अडकून बसली की टायर गुळगुळीत रोलरसारखा फिरतो, म्हणून ओल्या काळ्या रानासाठी फट रुंद आणि लग उंच हवेत. पण असे उंच लग डांबरावर वाकतात, तापतात आणि लवकर झिजतात. भाताच्या चिखलणीचा खूप खोल लगाचा टायर तर वाहतुकीला घेऊच नका. निम्म्याहून जास्त धाव रस्त्यावर असेल तर साध्या उंचीचे, रुंद माथ्याचे लग निवडा. बाजूला दिलेला बाण पुढे फिरण्याच्या दिशेनं हवा. मागून पाहताना लगांच्या V नक्षीचं टोक वर दिसलं पाहिजे. उलटा बसवला तर चिखल बाहेर फेकला जायच्या ऐवजी आत कोंबला जातो.

हवेचा दाब हीच सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. मागच्या टायरला रानात 12 ते 14 पीएसआय, रस्त्यावर भारासह 18 ते 20. टायरवरच्या तक्त्याशी ताडून घ्या. रानातल्या हवेवर डांबरावरून भार ओढला की टायरच्या बाजू दुमडून तापतात आणि आतले थर सुटतात. पाणी भरताना चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की थांबा. ते सुमारे 75 टक्के भरतं. वरची जागा हवेला लागते.

मागच्या चाकांवर वजन पुरतं का, हे मोजता येतं. चाकावर खडूची खूण करा, रिकामा ट्रॅक्टर त्याच रानात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवून अंतर मोजा, मग भारासह तेच करा. 40 मीटरचे 34 झाले तर घसरण 15 टक्के. याहून जास्त घसरण म्हणजे डिझेल आणि रबर दोन्ही मातीत जातंय: वजन वाढवा किंवा भार कमी करा. दोनचाकी ट्रॉलीत ऊस थोडा पुढे सरकवून भरला तर हुकावर भार येऊन पकड वाढते, पण पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासं झालं तर तो मागे घ्या.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर डांबर लागताच ती बंद करा, नाहीतर पुढचे टायर एका हंगामात संपतात. मागचा टायर मोठ्या मापाचा घेतला की पुढच्या-मागच्या चाकांचं गुणोत्तर बिघडतं, आणि ताण गिअरवर येतो. कंपनीनं दिलेल्या जोडीबाहेर जाऊ नका.

आणि रस्त्यावर चढण्याआधी दोन मिनिटं थांबून फावड्यानं चाकांचा चिखल काढा. तो डांबरावर पडला की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, अंधारात तर त्याला दिसतही नाही.