ती आमचे पुण्य नाही

अर्जासोबत आलेल्या पानांवर आजारांची आणि अपंगत्वांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येक नावापुढे तीन चौकोन होते: स्वीकारू, विचार करू, स्वीकारणार नाही. दुभंगलेला ओठ, वळलेले पाऊल, हृदयातील छिद्र, बहिरेपणा, सेरेब्रल पाल्सी, स्पायना बिफिडा, डाउन सिंड्रोम, एचआयव्ही. भारतातून मूल दत्तक घेण्यासाठी आम्ही अमेरिकेतील ज्या संस्थेकडे नाव नोंदवले होते, तिने ही पाने भरून मागितली होती. मी रोज नामस्मरण करणारी बाई. देव देईल ते मूल आपले, असे मी कित्येक महिने सगळ्यांना सांगत आले होते, आणि आता देवाने काय द्यावे व काय देऊ नये हे मलाच पेनाने लिहून द्यायचे होते.

पहिल्या रात्री पाने कोरीच राहिली. दुसऱ्या रात्री मी देवापुढे दिवा लावून बसले आणि एका दमात सगळीकडे ‘स्वीकारू’ अशी खूण करत निघाले, तेव्हा नवऱ्याने माझा हात धरला. तुझी पाठ, माझी फिरतीची नोकरी, हाकेच्या अंतरावर एकही नातेवाईक नाही, हे सगळे या खुणांमध्ये धरले आहेस का, असे त्याने विचारले. मला त्याचा फार राग आला. त्याची श्रद्धा कमी पडते आहे, असे मी त्याला बोलूनही दाखवले. आमच्या घराची पाहणी करायला येणाऱ्या समाजसेविकेला मी हे सांगितले, तेव्हा तिने शांतपणे समजावले की भावनेच्या भरात दिलेल्या होकारामुळे काही मुले दुसऱ्यांदा घर गमावतात. त्या आठवड्यात आम्ही सात ठिकाणी ‘नाही’ लिहिले. आयुष्यात मी देवापुढे इतके खरे कधी बोलले नव्हते, आणि त्या सात नकारांचे मला आजही वाईट वाटते.

आमच्याच रस्त्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांनी चीनमधून स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष, असलेला मुलगा दत्तक घेतला होता. चीनने १९९२ मध्ये परदेशी पालकांसाठी कायद्याने दार उघडले आणि २०२४ मध्ये ते बंद केले. त्या मधल्या काळात अमेरिकेत आलेल्या हजारो मुलांपैकी तो एक. त्यांच्या चर्चमध्ये अशा कुटुंबांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना होत असे, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेला तो मुलगा आपली सुटका कशी झाली हे दर वेळी ऐकत असे. अकरा वर्षांचा झाल्यावर त्याने आईला विचारले, की मी आणखी किती दिवस आभारी राहायचे? ती बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून हे सांगताना रडली. तिची श्रद्धा तसूभरही ढळली नव्हती, उलट लघवीसाठी रोज लावायच्या नळीपासून, म्हणजे कॅथेटरपासून, शस्त्रक्रियेपर्यंत तिला त्याच श्रद्धेने तारले होते. पण तेव्हापासून तिने ती गोष्ट चर्चमध्ये सांगणे बंद केले. आमच्या सगळ्या प्रशिक्षणात मला जे कळले नाही, ते मला त्या दुपारी कळले.

इथल्या नियमांप्रमाणे परदेशातून मूल आणणाऱ्या पालकांना किमान दहा तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. शिवाय बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, उत्पन्नाचे दाखले आणि ओळखीच्या लोकांची पत्रे द्यावी लागतात. भारतात सगळे ‘कारा’, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत चालते. सत्कर्माला इतके कागद कशाला, असे आमचे बरेच नातेवाईक म्हणत, आणि सुरुवातीला मलाही तसेच वाटे. मग मी या नियमांचा इतिहास वाचला. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात, अशा तक्रारीवरून लक्ष्मीकांत पांडे या वकिलांचे पत्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये न्यायालयाने पहिली सविस्तर नियमावली घालून दिली. परदेशी दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय हेग करारात भारत २००३ मध्ये सामील झाला आणि अमेरिकेत तो २००८ पासून लागू आहे. त्याचा गाभा असा, की मूल आधी स्वतःच्या कुटुंबात, ते शक्य नसेल तर स्वतःच्या देशात, आणि तेही न जमल्यासच परदेशात. हे कागद चांगल्या हेतूच्या माणसांपासूनही मुलांचे रक्षण करतात, हे पटल्यावर मी प्रत्येक सही मनापासून केली.

२०१९ मध्ये भारतातील न्यायालयाने दत्तकाचा आदेश दिला. (१ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हादंडाधिकारी देतात.) लेक तेव्हा चार वर्षांची होती. ती वेळेच्या बरीच आधी जन्मली होती आणि तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर पुरता ताबा राहत नाही. पायांचे स्नायू ताठ असल्याने ती टाचा न टेकता, गुडघे एकमेकांना घासत चालते. तिच्या जन्माची बाकीची हकीकत तिची आहे, ती मी इथे लिहिणार नाही.

घरी आल्यावर पहिले कित्येक आठवडे ती रात्री रडलीच नाही. मी मध्यरात्री डोकावले की डोळे उघडे ठेवून ती गप्प पडलेली असे. लोक म्हणत, किती गुणी मुलगी! पण जिथे पुष्कळ मुले आणि मोजक्या सांभाळणाऱ्या बायका असतात, तिथे रडून कोणी येत नाही हे मूल लवकर शिकते, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. ती मला ‘ताई’ म्हणत असे, कारण संस्थेतील प्रत्येक बाई तिच्यासाठी ताईच होती. पावसाळी हवेच्या एका रात्री पोटरीत पेटका आला आणि ती मोठ्याने रडली. मी धावत गेले, तिचा पाय मांडीवर घेऊन हळूहळू ताणला, आणि ती हुंदके देत असताना मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. लेकरू रडले म्हणून आभार मानावेत, असा प्रसंग माझ्यावर पूर्वी कधी आला नव्हता.

त्याच सुमारास एका वडीलधाऱ्या नातेवाइकांचा फोन आला. मागच्या जन्मीचे काही भोग असतील बिचारीचे, पण तुम्ही फार मोठे पुण्य करता आहात, असे ते अगदी प्रेमाने म्हणाले. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या एका वाक्यात अडकून पडले. त्यात पाप सगळे तिच्या वाट्याला आले होते आणि पुण्य सगळे माझ्या. कर्मसिद्धान्तावर वाद घालण्याइतकी माझी विद्वत्ता नाही, आणि मी लहानपणापासून याच श्रद्धेत वाढले आहे. पण चार वर्षांच्या मुलीच्या पोटरीतील पेटका हा तिच्यावरचा निकाल आहे, असे मानणारी श्रद्धा मला माझ्या घरात नको आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून आदराने सांगितले, की काका, ती आमचे पुण्य नाही, ती आमची मुलगी आहे. ते दुखावले. पुढे त्यांनी तिच्या वाढदिवसाला पत्र पाठवले, त्यात यातले काही नव्हते.

माझे नामस्मरण आता सकाळी तिच्या पायांना स्प्लिंट, म्हणजे आधाराचे कडक कवच, चढवताना होते. मोजा गुडघ्यापर्यंत ओढायचा आणि त्यावर एकही सुरकुती ठेवायची नाही, कारण सुरकुतीखाली कातडी सोलते. गुडघा वाकवून टाच तळाशी बसवायची, आधी घोट्यावरचा पट्टा आवळायचा, मग पोटरीवरचा. संध्याकाळी काढल्यावर जिथे लाल वळ दिसतील, तिथे घड्याळ लावून बघायचे. अर्ध्या तासात वळ गेला नाही, तर स्प्लिंट लहान झाला. वर्षभरात ती इतकी वाढली, की दोनदा नवे घ्यावे लागले.

शाळेबद्दल थोडक्यात सांगते. अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालेच पाहिजे, असा कायदा इथे १९७५ मध्ये झाला, आणि तिच्यासाठी दरवर्षी लेखी आराखडा बनतो. भारतातही २०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणापुढचे अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणूनच माझी एक खंत इथे लिहिणे मला भाग आहे. आमची लेक मराठी बोलत होती, तिच्यासाठी मराठी घर तिथेच मिळायला हवे होते. भारतात मुलाच्या प्रतीक्षेत असलेले पालक मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तरी अपंग मुलांच्या नावापाशी येऊन बहुतेकजण थांबतात आणि ती मुले समुद्रापलीकडे जातात. तुमच्यापैकी कोणी त्या रांगेत असाल, तर ती यादी देवापुढे बसूनच भरा, पण खरी भरा. तुम्हाला वाटते त्यापेक्षा एखाद्या ओळीपुढे ‘स्वीकारू’ लिहिण्याची ताकद कदाचित तुमच्यात असेल.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर लेकीने सासूबाईंना विचारले, “आजी, देवानं माझे पाय असे का केले?” मी तिला पूर्वीच सांगितले होते की ती लवकर जन्मली आणि मेंदूच्या एका भागाला इजा झाली. ते तिला पाठ आहे. पण तिला ते विचारायचे नव्हते. सासूबाईंनी पंचाहत्तर वर्षांत एकही एकादशी चुकवलेली नसेल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही गं बाळा. मीही रोज विचारते त्याला.”

लेकीने डाव्या पायाचा पट्टा सोडवून पुन्हा घट्ट लावला. मग आपण दोघी एकाच वेळी विचारू या, असे म्हणून ती आजीबरोबर दोन्हीकडच्या घड्याळांचा हिशेब जुळवत बसली.