स्वराज द्वीपावर मुक्काम कुठे करावा: दोन किनारे आणि ओहोटीचा हिशेब

जानेवारीत पौष पौर्णिमेच्या सुमारास मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई असे आम्ही चौघे अंदमानातील स्वराज द्वीपावर पाच रात्री राहिलो. २०१८च्या अखेरीपर्यंत या बेटाचे नाव हॅवलॉक होते आणि आरक्षण करताना अजूनही दोन्ही नावे आढळतात, म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यावा.

पहिल्या तीन रात्रींसाठी आम्ही पूर्व किनाऱ्यावरील विजयनगर येथे अगदी समुद्रासमोरची खोली घेतली होती. दुपारी तीनच्या सुमारास तिथे पोहोचलो, तेव्हा छायाचित्रात पाहिलेले निळे पाणी बरेच आत गेलेले होते आणि खोलीपुढे मृत प्रवाळाचे तुकडे, खडक व शेवाळ यांनी भरलेला ओला तळ उघडा पडला होता. आईला पाण्याच्या कडेने अनवाणी चालायचे होते. तिथे चप्पल घालूनही तिला चार पावले टाकणे कठीण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याच ठिकाणी पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आले होते आणि मुलगी त्या शांत, उथळ पाण्यात तासभर खेळली. छायाचित्र खोटे नव्हते, ते भरतीच्या वेळी काढलेले होते.

म्हणूनच या बेटावर खोली निवडताना ती समुद्रासमोर आहे का, यापेक्षा तिच्यासमोरचा समुद्र ओहोटीला कसा दिसतो, हे आधी विचारावे. पूर्वेकडचा किनारा उथळ आहे, त्यामुळे पाण्याची पातळी थोडी उतरली तरी पाणी फार दूर जाते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या उधाणाला हा फरक सर्वांत मोठा असतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या (म्हणजे सौम्य भरती-ओहोटीच्या) दिवसांत तो बराच कमी असतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब मला ठाऊक होता, परंतु या वेळा जागेनुसार बदलतात, म्हणून तो तिथे न लावता तिथल्याच भरतीचे वेळापत्रक पाहून तारखा ठरवाव्यात.

बेटाची रचना समजून घेतली की निवड सोपी होते. बोटींच्या धक्क्यावरून निघालेला रस्ता गोविंदनगरच्या बाजारापाशी फुटतो. एक फाटा पूर्व किनाऱ्याने विजयनगरवरून काला पत्थरकडे जातो आणि दुसरा बेट ओलांडून पश्चिमेच्या राधानगरला पोहोचतो. धक्क्यापासून राधानगर सुमारे १२ किलोमीटरवर आहे. बहुतेक निवासस्थाने, खानावळी, भाड्याच्या दुचाकी आणि स्कूबा डायव्हिंगची केंद्रे पूर्वेकडेच आहेत, त्यामुळे ज्यांना पहाटे डायव्हिंगला निघायचे आहे किंवा ज्यांच्याकडे वाहन नसेल, त्यांनी गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यातच राहावे. एलिफंट बीचवर मुक्कामाची सोय नाही. तिथे धक्क्यावरून बोटीने किंवा जंगलातील वाटेने जाऊन परतावे लागते.

शेवटच्या दोन रात्री आम्ही राधानगरच्या बाजूला राहिलो आणि माझ्या मते आईसारख्या व्यक्तीला सोबत नेणाऱ्यांनी हा खर्च अवश्य करावा. तिथली वाळू मऊ आणि सपाट आहे, आणि ओहोटीतही पोहण्याजोगे पाणी जवळच असते. निवासस्थाने मात्र मोजकी आहेत आणि पूर्वेच्या तुलनेत महाग आहेत. अंदमान बरेच पूर्वेला असूनही घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असल्याने जानेवारीत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. पूर्वेला राहणाऱ्याला सूर्यास्त पाहून जंगलातून जाणाऱ्या अंधाऱ्या रस्त्याने परतावे लागते. राधानगरला राहणारा पायी खोलीवर पोहोचतो, पण रात्रीच्या जेवणासाठी त्याच्यापुढे पर्याय थोडेच असतात. आम्ही जेवणाची चौकशी आरक्षणापूर्वीच केली होती, ते बरे झाले.

सुरक्षिततेबद्दल थोडे सांगतो. या बेटांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि २०१० साली राधानगरला लागूनच असलेल्या नील्स कोव्ह येथे मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. खाडी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये, आणि जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच पोहावे. वाळूतील बारीक माश्यांचे चावे आईला आठवडाभर खाजत राहिले. संध्याकाळी किनाऱ्यावर बसताना पाय झाकलेले असावेत.

आरक्षणापूर्वी वीज गेल्यावर जनित्र खोलीतील पंख्यासाठी चालते की फक्त दिव्यांसाठी, हेही विचारून घ्यावे. विजयनगरला आमची एक रात्र पंख्याविना गेली. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले असले, तरी पैसे भरण्यासाठी त्यावर विसंबू नये आणि पुरेशी रोकड जवळ बाळगावी.

परतीचे विमान असेल, त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम स्वराज द्वीपावर ठेवू नये. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. ती रात्र श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी.