फैजपूरच्या कागदांसाठी निघताय? यूव्ही टॉर्च सोबत घ्या

एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, "फैजपूर अधिवेशनातलं नेहरूंचं हाताने लिहिलेलं पत्र, सहीसकट, वर सर्टिफिकेट." डिसेंबर 1936 मधलं हे काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. असा कागद इकडच्या एखाद्या जुन्या घरात निघू शकतो, म्हणून भुसावळला उतरून फैजपूरला निघालो. उन्हात, केळीच्या ट्रकांमागे रस्ता संपता संपत नाही. सकाळीच निघा.

कागद मागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. किंमत चाळीस हजार! पाकिटातून बाहेर काढायला लावा, कारण यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात प्लॅस्टिकही चमकतं. खोलीत अंधार करून टॉर्च मारली आणि कागद निळा-पांढरा झळाळला. ही झळाळी आणणारं रसायन कागदात येऊ लागलं साधारण 1950 नंतर. मग 1936 चं पत्र त्यावर कसं? टॉर्च विझायच्या आत भाव बारा हजारांवर आला. यातच सगळं आलं. सर्टिफिकेट त्याने स्वतःच छापलेलं; असल्या सर्टिफिकेटला एक रुपयाही देऊ नका.

उलट, चमकला नाही म्हणून कागद अस्सल ठरत नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर लिहिणारे आहेत. भिंग तुमच्याकडे असेलच. घडीची रेघ बघा. शाई घडीच्या भेगेत पसरली असेल तर घडी आधीची, लिखाण नंतरचं. सही छापील असेल तर भिंगाखाली बऱ्याचदा ठिपके दिसतात. आणि कागद कुणाच्या घरून, कुणाच्या हातून आला, ते लेखी मागा. आढेवेढे घेतले तर उठा.

75 वर्षांवरचे ऐतिहासिक दस्तऐवज 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परवाना बघायला मागितला की निम्मे विक्रेते गप्प होतात.

खरेदीआधी जळगावला गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय बघाच. गांधीजी दोन्ही हातांनी लिहीत, त्यामुळे एकाच नमुन्यावरून त्यांची सही ताडून चालत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद बघून डोळा तयार होतो. धुळ्याचा दिवस छान गेला.

एप्रिल-मेच्या उन्हात, घेतलेला कागद गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. फाइल सोबत घ्या.